शिरगणतीतला वसंत

मराठी ललित निबंधातला वसंत बहुधा एकट्याने पाहिलेला असतो आणि उर्दू गझलेतली बहार बहुधा विरहात. दोन्हीकडे पाहणाऱ्याला सवड असते. पण मुलांना घेऊन फाल्गुन-चैत्रात बाहेर पडणारी बाई, जी घरी अम्मी असते आणि शाळेत टीचर, ती या दोन्ही साहित्यांत आम्हांस फारशी भेटलेली नाही. तिचा वसंत कसा असतो आणि तो लिहिला का गेला नाही, याचा विचार काही पुस्तकांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

आरंभ दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'पासूनच करावा लागतो. 1956 साली आलेल्या या पुस्तकाने मराठी वाचकाला बारा महिने नव्याने पाहावयास शिकवले. त्यातला 'वसंतहृदय चैत्र' हा लेख शाळेत अभ्यासलेली एक पिढीच आहे. आम्ही उर्दू माध्यमातून शिकलो. त्यामुळे हे पुस्तक आमच्या हाती उशिरा, डी.एड., बी.एड.च्या वळणावर आले. एवढे सांगितलेच पाहिजे की, कुळगावच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूस दिसणारी काटेसावर आणि पांगारा ही दोन वेगळी झाडे आहेत, हे त्यानंतरच आम्ही नीट पाहू लागलो. दुर्गाबाईंची नजर धीराची आहे. पालवीचा रंग आज कोणता, चार दिवसांनी कोणता, हे त्या थांबून पाहतात. मात्र या पानांवर मूल नाही. कोणी 'टीचर, तहान लागली' म्हणत नाही. हा पुस्तकाचा दोष नव्हे. दुर्गाबाई संशोधक होत्या, त्यांचा एकांत त्यांनी कमावलेला होता. तक्रार आहे ती नंतरच्या अनुकरणाविषयी. ललित निबंध म्हणजे एकट्याने झाडाखाली उभे राहणे, अशी जी समजूत पुढे रुळली, तिने अनेकींचा अनुभव साहित्याच्या उंबऱ्याबाहेरच ठेवला.

आता उर्दूकडे. आमच्या वर्गात 'मौसम-ए-बहार' या विषयावर निबंध लिहावयास दिला, की वहीत बुलबुल येतो, नर्गिस येते, चमन येते. सुंबुल कोणी पाहिलेला नाही, तोही येतो. ही मुले बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात वाढलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर पळस लाल होतो, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, करवंदीच्या जाळीला पांढरी फुले येतात. यांपैकी एकही वहीत उतरत नाही. पुष्कळांचे म्हणणे असे की, उर्दू ही इथल्या मातीची भाषा नसल्याने असे होते. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. पळसाला उर्दूत ढाक म्हणतात, त्याच्या फुलाला टेसू, काटेसावरीला सेमल. 'ढाक के तीन पात' ही म्हण तर आमच्या घरांत रोज बोलली जाते. शब्द आहेत, ते बागेच्या भिंतीबाहेर राहिले. गझलेने इराणी बाग आणली आणि शिक्षकांनी ती निबंधाच्या वहीत लावली.

भिंतीबाहेरचा कवी उर्दूत होऊन गेला, तो नझीर अकबराबादी. 1830 साली आग्र्यात वारला. धंद्याने तो मुलांना शिकवणारा उस्ताद, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. होळी, वसंत, जत्रा, अस्वलाचे पिल्लू, आग्र्याची काकडी, असले विषय त्याने कवितेत आणले. शेफ्तांसारख्या तज्किराकाराने त्याला कवींच्या पंक्तीत बसवण्यास नकार दिला, कारण त्याचे शेर बाजारातल्या लोकांच्या तोंडी होते. आमचा अंदाज असा की, मुलांच्या संगतीत राहणाऱ्याची नजर अशीच होते. फुलापेक्षा काकडीकडे आधी जाते. मात्र नझीरची बहारही उत्तरेची. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात वसंत पंचमीला पिवळी फुले वाहतात. परंपरा त्या रिवाजाचा संबंध अमीर खुसरोंशी जोडते. तो पिवळा रंग मोहरीचा. आमच्याकडे मोहरी फोडणीत भेटते. इथला वसंत लाल आहे.

सहलीचे प्रत्यक्ष रूप काय, हेही सांगावे लागेल, कारण टीकेचा मुद्दा त्यातच आहे. कोंडेश्वर असो, बारवी धरणाच्या बाजूचे रान असो किंवा चंदेरीच्या पायथ्याकडची वाट असो, निघण्यापूर्वी मोजणी, बसमध्ये मोजणी, उतरल्यावर मोजणी, पाण्याजवळ तर दर पाच मिनिटांनी मोजणी. या मुलांत आपलीही दोन असली, तर ती मोजताना मन किंचित अडखळते. कारण त्यांना आधी मोजले तर टीचर चुकते आणि शेवटी मोजले तर अम्मी. खांद्यावर पाण्याच्या बाटल्या, पिशवीत कांदा-लिंबू, उलटीसाठी प्लास्टिकच्या थैल्या. अशा अवस्थेत पळस दिसतो तो एखाद्या मुलाच्या डोक्यामागे, अर्धा सेकंद. मग ते मूल हलते. हा तुकड्यातुकड्यांनी मिळणारा वसंत ललित निबंधाच्या वाक्यात बसत नाही. त्याला वेगळे वाक्य लागेल, मध्येच तुटणारे, हाक मारणारे. ते मराठीत कोणी घडवले आहे का?

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत शिक्षकांनी उचलून धरले, ते योग्यच झाले. 1981 साली जपानीत आलेल्या या पुस्तकात तोमोए शाळेतली मुले बाईंबरोबर चालत जातात, वाटेत पिवळ्या फुलांच्या शेतापाशी थांबतात आणि बाई त्यांना पुंकेसर, स्त्रीकेसर, फुलपाखरांची मदत हे सारे समजावतात. मुलांना वाटते आपण फिरतो आहोत. त्यांचा विज्ञानाचा तास झालेला असतो. प्रकरण सुंदर आहे. परंतु ते विद्यार्थिनीने लिहिले आहे. त्या बाईंनी त्या दिवशी किती वेळा डोकी मोजली, हे तोत्तोचानला कळण्याचे कारण नव्हते.

आमच्या जवळचे उदाहरण कोसबादचे. ताराबाई मोडक, एका मुलीची आई, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून 1945 साली बोर्डीला आल्या आणि 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. गुरे चारणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणतात. येथे सहल आणि शाळा यांतला फरकच संपला. अनुताई वाघांचे 'कोसबादच्या टेकडीवरून' वाचताना ऋतू शोधावे लागतात. वर्णन करावयास त्या थांबत नाहीत, पण काम ऊन-पावसाच्या धोरणानेच चाललेले असते. साहित्याच्या इतिहासकारांनी अशा लेखनाला 'शैक्षणिक' म्हणून बाजूला काढले. आम्ही ते निसर्गलेखन म्हणून वाचावे असे सुचवतो.

अखेरीस आपल्या घरचे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखकांनी दंगल लिहिली, तलाक लिहिला, संशयाची नजर लिहिली. ते लिहिणे गरजेचे होते. पण आपल्या कथांतली मुस्लिम बाई घराबाहेर पडते ती दवाखान्यात, कोर्टात, माहेरी. मौजेसाठी पडत नाही. प्रत्यक्षात माघ पौर्णिमेच्या सुमारास हाजीमलंगच्या उरुसाला कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या आया पोरे, डबे, सासू घेऊन पायऱ्या चढतात. जियारत होते, आणि वर वारा खात बसणेही होते. या दुसऱ्या गोष्टीची आपल्या लेखकांना लाज वाटते की काय, अशी शंका येते. वाचकाला फक्त दुःखी मुस्लिम बाई दाखवावी, हा संकोच समाजाबाहेरून आला आणि आपण तो शिस्त म्हणून पाळला.

यात पंचांगाचाही भाग आहे. हिजरी साल सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे आपला एकही सण ऋतूला बांधलेला नाही. ईद कधी पावसात, कधी थंडीत. उरुस तेवढे काही ठिकाणी इथल्या महिन्यांना धरून चालतात. वसंतात सहल काढावी म्हटले, तर कधी परीक्षा, कधी रमजान आडवा येतो आणि मुलांना रोजा असताना रानात नेता येत नाही. पण चक्र फिरता फिरता जुळणीही होते. 2025 साली 30 मार्चला गुढीपाडवा आणि 31 मार्चला ईद आली. कुळगावच्या बाजारात एका गाडीवर कडुलिंबाच्या डहाळ्या आणि शेजारच्या गाडीवर शेवया विकावयास होत्या. सुट्टी जोडून आलेली, पळस अजून पुरता झडला नव्हता, बायका-मुलांचे तांडे दोन्ही दिवस रस्त्यावर होते. त्यानंतर हाती आलेल्या अंकांमधून या दोन दिवसांवरची एखादी कथा, एखादी कविता आम्ही शोधत होतो. ईदच्या चंद्रावर मात्र अकरा मिळाल्या.