‘विदर्भाचे खजुराहो’ : एका उपमेची तपासणी

गोंडपिपरीहून आष्टीच्या वाटेला लागले की वैनगंगेचा पूल येतो आणि चंद्रपूर जिल्हा संपून गडचिरोली सुरू होतो. आष्टीहून चामोर्शी, आणि तिथून जवळच उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव. पर्यटनाच्या लेखनात या स्थळाची ओळख ‘विदर्भाचे खजुराहो’ अशी करून दिली जाते. तीच उपमा मनात घेऊन मी गेलो होतो. परतताना मात्र ती सदोष वाटू लागली.

उपमेला आधार नाही असे नाही. नागर शैलीची शिखरे, शिल्पांनी भरलेल्या बाह्य भिंती, त्यांतील मिथुनशिल्पे ही साम्ये उघड आहेत. 1870च्या दशकात मध्य प्रांतात फिरलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅमने या मंदिरसमूहाचे सविस्तर वर्णन केले आहे. साम्य पाहणाऱ्या अभ्यासकाची नजर मात्र भिंतीवरच थांबते.

मंदिराच्या आत पाहिले की गोष्ट बदलते. वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे चांद्याच्या गोंड राजाने डागडुजी केली, असे सांगितले जाते. छताला दिलेले जाडजूड आधार मूळ कोरीव खांबांशी जुळत नाहीत. खजुराहोचे माप लावले तर ते कुरूप ठरतात. मला मात्र या स्थळाच्या इतिहासातले ते महत्त्वाचे पान वाटते. मंदिर बांधणाऱ्यांशी नाते नसलेल्या राजसत्तेला ते पडू द्यावेसे वाटले नाही, याचा तो दगडी पुरावा आहे. शैलीच्या इतिहासात त्याला जागा नसते, कारण ती दुरुस्ती आहे, निर्मिती नव्हे.

दुसरा फरक पूजेचा. खजुराहोच्या बहुतेक मंदिरांत आज पूजा होत नाही. मतंगेश्वर हा ठळक अपवाद. मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते आणि नदीच्या दोन्ही तीरांवरून माणसे येतात. मंदिराला लागूनच गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी शिल्पांविषयी विचारले. ते झाडीबोलीत म्हणाले, “आमी तं यात्रेले येतो भाऊ, मुर्त्या पाहाले नाई.” त्यांना शिल्पांचे अप्रूप नव्हते असे नाही. एका विद्याधराच्या मोडक्या हाताकडे बोट दाखवून तो आपल्या लहानपणी शाबूत होता, हे त्यांनीच मला सांगितले. अशी नोंद कोणत्या अहवालात मिळणार?

उपमेने पर्यटक येत असतील, तर त्याला हरकत नाही. पण जतन करताना काय ‘मूळ’ म्हणून राखायचे आणि काय ‘नंतरचे’ म्हणून काढायचे, हेही अशा तुलनेतूनच ठरू लागते. तिथे धोका आहे. मार्कंड्याचे वर्णन यापुढे करताना कोरीव भिंतींबरोबर ते जाडजूड आधार, यात्रा आणि गावाची आठवण यांचीही नोंद व्हायला हवी. खजुराहोचा उल्लेख हवा तर तळटीपेत करावा.