विजेची शेगडी : एका जाहिरात-शब्दाचा तौलनिक विचार

नियतकालिकांच्या अभ्यासात जाहिरात हा मजकूर बहुधा विचारात घेतला जात नाही. ग्रंथालयांतून अंकांची वार्षिक बांधणी करताना जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली गेली. जी उरली ती समाजेतिहासाकडे सोपवून वाङ्मयाचा अभ्यासक मोकळा झाला. विजेच्या घरगुती उपकरणांच्या आरंभीच्या जाहिरातींबाबत ही वाटणी महागात पडली आहे, कारण तेथील मूळ प्रश्न भाषांतराचा आहे.

मुंबईत १९०५ साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी स्थापन झाली. १९०७ पासून विजेवर ट्राम धावू लागली. आकाशातून कोसळणारी वीज घरात आणायची, तर भाषेने तिला आधी माणसाळवायला हवे. म्हणून नाम जुने ठेवून विशेषण तेवढे नवे लावले गेले : विजेचा दिवा, विजेची इस्त्री, विजेची शेगडी. यांतला शेवटचा शब्द सर्वांत बोलका. हिंदीने 'बिजली का चूल्हा' म्हटले, मराठीने 'चूल' टाळली. चूल मातीची, जागेवर रोवलेली, सोवळ्याशी बांधलेली. शेगडी उचलून कोठेही ठेवता येणारी. पुढे गॅस आला तेव्हाही हिंदीत 'गैस चूल्हा' आणि मराठीत 'गॅसची शेगडी' हाच भेद टिकला. नवे उपकरण मराठी स्वयंपाकघरात शिरले ते चुलीचे पद न मागता.

पंख्याचे उलट आहे. शब्द दोन्ही भाषांत एकच; पण साहेबाच्या बंगल्यात छताचा पंखा ओढण्यास माणूस असे, गिरगावातल्या चाळीत नसे. तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रातील पंख्याची जाहिरात नोकराला पर्याय देत होती. मराठीत उतरताच ती कोणाचीच जागा घेत नव्हती, केवळ सुख विकत होती. डग्लस हेन्स यांनी २०२२ च्या ग्रंथात विद्युत्-उपकरणांची बाजारपेठ दुभंगलेली होती असे दाखवले आहे. हे मान्य केले, तर अशा जाहिरातींतील नीटनेटकी गृहिणी हा तत्कालीन मराठी घराचा पुरावा मानण्याची घाई टाळावी लागेल.

झाशीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. महावीरप्रसाद द्विवेदी १९०३ मध्ये 'सरस्वती'चे संपादक झाले तेव्हा झाशीत रेल्वेच्या नोकरीत होते. तारेचे काम त्यांनी शिकलेले होते, मराठीही त्यांना येत होती. हिंदी गद्याला वळण लावणाऱ्या या संपादकाचा विजेशी परिचय झाला तो कचेरीतल्या तारेतून. म्हणजे झाशीसारख्या रेल्वेच्या गावात वीज प्रथम संदेश होती. वस्तू म्हणून ती घरात यायची होती. हिंदी-मराठी जाहिरातींची तुलना मुंबईपासून सुरू करण्याचा प्रघात त्यामुळे अपुरा ठरतो.

मराठीत वाङ्मय आणि विक्री यांतील भिंत मुळातच पातळ होती. १९२० साली निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे वार्तापत्र. त्याच घराण्यातून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. नांगराची माहिती सांगणारे सोपे, आर्जवी गद्य आणि स्त्री-प्रश्नावरील लेखाचे गद्य एकाच छापखान्यात घडत होते. 'स्त्री'चे अंक जाहिरातींसह सलग वाचले, तर संपादकीय कोठे संपते आणि विक्रेत्याचा आवाज कोठे सुरू होतो, हे अनेकदा केवळ चौकटीवरूनच ओळखावे लागते.