शरणपूरची मिशन-शाळा : कांहीं ऐतिहासिक विचार

जुन्या शाळेचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा तीन गोष्टी गोळा करितो : संस्थापकाचें चरित्र, मुख्याध्यापकांची नामावलि आणि कोनशिलेवरील साल. हीं साधनें टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तेवढ्यानें संस्थेचा इतिहास होतो, शाळेचा होत नाहीं. शाळेनें काय शिकविलें आणि शिकलेल्यांनीं त्या विद्येचें पुढें काय केलें, हा शाळेचा खरा वृत्तान्त होय, व तो विद्यार्थ्यांकडूनच मिळवावा लागतो. नाशिकजवळील शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेविषयीं जें लिहिलें व बोललें जातें, तें या कसोटीस लावून पाहिलें असतां अपुरें ठरतें. तें कसें, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम निर्विवाद वृत्तान्त थोडक्यांत देतों. चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन पंथाची संस्था इंग्लंडांत १७९९ सालीं निघाली. १८२० सालीं तिचें काम मुंबईस सुरू झालें, व १८३२ सालीं तिचे पाद्री चार्ल्स फॅरर हे नाशिकास येऊन राहिले. पुढें १८५४ च्या सुमारास पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली, तीच शरणपूर. तेथें शाळा होती, अनाथगृह होतें, व सुतारकी, लोहारकी इत्यादि हुन्नर शिकविण्याची सोय होती. येथेंच आफ्रिकी मुलांचें आश्रयस्थान निघालें. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारीं अरबी गलबतें इंग्रजांचें आरमार पकडीत असे. त्यांवरून सोडविलेल्यांपैकीं पुष्कळांस मुंबईस आणीत, व त्यांतील कांहीं मुलें मिशनच्या स्वाधीन करीत. अशा रीतीनें न्यासा सरोवराकडील मुलें गोदातटीं येऊन अक्षरें गिरवूं लागलीं.

वसाहतीचें नांव विचार करण्यासारखें आहे. संस्कृतांत ‘शरण’ या शब्दाचे अर्थ घर व रक्षणकर्ता असे असून अमरकोशांत ते दोन्ही दिलेले आहेत. मराठींत मात्र ‘शरण येणें’ म्हणजे हार पत्करणें. शरणपूरविषयींचे जे दोन पक्ष आहेत, ते या दोन अर्थांवरच उभे आहेत. मिशनचे अभिमानी पहिला अर्थ घेतात : गुलामांना येथें घर मिळालें, रक्षक मिळाला, सबब शाळा धन्य होय. आमच्याकडील पुष्कळ लोक दुसरा अर्थ घेतात : शाळा हें निमित्त, शरणागति हा हेतु, सबब तिच्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. एक पक्ष स्तुति करितो, दुसरा मौन धरितो. परंतु ज्यांना शरण दिलें अथवा ज्यांस शरण आणिलें, त्या मुलांस दोन्ही पक्षांनीं साक्षीस बोलाविलेलें नाहीं, हा दोष दोघांस सारखाच लागू आहे.

मुलांची पहिली साक्ष त्यांच्या नांवांत आहे. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरर हीं शरणपूरच्या आफ्रिकी विद्यार्थ्यांचीं नांवें होत. प्राइस, आयझेनबर्ग व फॅरर हीं मुंबई-नाशिककडील पाद्र्यांचीं आडनांवें आहेत, हें सांगणें नकोच. मॅथ्यू वेलिंग्टन या विद्यार्थ्याचें मूळ नांव चेंगविंबे होतें. बेड्या तुटल्या, परंतु बेड्यांबरोबर आईबापांनीं ठेविलेलें नांवही गेलें. हा जमाखर्च अभिमान्यांनीं मांडलेला नाहीं. शाळेच्या इतिहासांत जमेबरोबर खर्चाची बाजू लिहिली नाहीं, तर तो इतिहास राहत नाहीं, वर्गणीचें पत्रक होतें.

दुसरी साक्ष त्यांच्या कृतींत आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीं आफ्रिकेंतील अखेरच्या प्रवासासाठीं १८६६ सालीं या शाळेचे नऊ विद्यार्थी बरोबर घेतले. लिव्हिंग्स्टन यांच्या दैनंदिनींत या मुलांविषयीं आळस, हलगर्जीपणा इत्यादि तक्रारी वारंवार येतात, व त्यांवरून ‘शाळेचें शिक्षण फुकट गेलें’ असा निकाल काढणें सोपें आहे. परंतु साक्षीपुराव्याचा साधा नियम असा कीं, थकलेल्या, आजारी व अन्नावांचून हाल सोसणाऱ्या धन्यानें चाकरांविषयीं रात्रीं लिहिलेला मजकूर हा त्या रात्रीचा पुरावा आहे. चाकरांच्या संपूर्ण आयुष्याचा नव्हे. कांहीं मुलांनीं मध्येंच साथ सोडली, हें खरें. पण अब्राम व मब्रुकी हे त्याच शाळेचे विद्यार्थी अखेरपर्यंत टिकले, हेंही तितकेंच खरें. शिवाय साथ सोडणारांस आपली मायभूमि पुन्हा दिसली होती, ही गोष्ट निकाल देणारानें विसरूं नये.

१८७२ सालीं आणखी सहा विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांस जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट हा याओ जातीचा तरुण होता. १८७३ च्या मे महिन्यांत चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हां हृदय तेथेंच पुरून, देह वाळवून, मंडळींनीं तो किनाऱ्यापर्यंत आणिला. त्या कामीं एक हजार मैलांहून अधिक वाट व सुमारें नऊ महिने लागले. दफनाच्या वेळीं प्रार्थना वाचली ती वेनराइटनें, झाडावर मृताचें नांव व तिथि कोरली ती वेनराइटनें, आणि घडलेली हकीकत लिहून ठेविली तीही त्यानेंच. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत जो अंत्यविधि झाला, त्यांत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता.

येथें इतिहासलेखनाचा खरा प्रश्न उपस्थित होतो. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या दैनंदिन्या होरेस वॉलर यांनीं १८७४ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांत मृत्यूच्या प्रसंगासाठीं मुख्य भर आहे तो चुमा व सुसी या दोन सेवकांच्या तोंडी कथनावर. चुमा व सुसी यांची निष्ठा वादातीत आहे, व तोंडी साक्ष त्याज्य असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रसंगीं हजर असलेल्या मनुष्यानें स्वहस्तें लिहिलेली रोजनिशी जवळ असतां ती बाजूस राहावी, याचें समर्थन कोणत्या न्यायानें करावें? त्या रोजनिशीचें जर्मन भाषांतर १८७४ सालींच पेटरमान यांच्या भूगोलविषयक नियतकालिकांत छापलें गेलें. मूळ हस्तलिखिताचीं छायाचित्रें मात्र सर्वांस पाहावयास मिळालीं तीं २०१९ सालीं. केरस फॅरर यानेंही हकीकत लिहिली होती; ती युगांडा जर्नलांत छापली गेली १९५० सालीं. सेवकाची निष्ठा जगास तत्काळ रुचली. शिष्याचें लेखन रुचण्यास पाऊणशें ते दीडशें वर्षें जावीं लागलीं.

तिसरी साक्ष मोंबासाकडील आहे. १८६४ सालीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे रबाई येथील मिशनच्या कामास गेले. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस विल्यम जोन्स म्हटलें म्हणजे १७८४ सालीं एशियाटिक सोसायटी स्थापणारे न्यायाधीश आठवतील. हा जोन्स गुलामींतून सुटलेला आफ्रिकी होता. १८७३ सालीं झांझिबारच्या सुलतानाशीं तह होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला, व १८७५ सालीं प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रेअर टाउन वसविलें. त्यासाठीं शरणपूरची आफ्रिकी मंडळी तिकडे नेण्यांत आली. १८८५ सालीं जोन्स व सेमलर यांस बिशप हॅनिंग्टन यांनीं दीक्षा दिली. त्याच वर्षीं हॅनिंग्टन यांचा बुसोगांत वध झाला, तेव्हां उरलेल्या तांड्यास परत रबाईस आणणारा जोन्सच होता. नाशिकच्या मिशनचें हें आफ्रिकेंतील उत्तरचरित्र नाशिकच्या इतिहासांत येत नाहीं, व आफ्रिकेच्या इतिहासांत नाशिक हें एका ओळीचें नांव होऊन बसतें.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आधींच घेतों. विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचें श्रेय शाळेस देणें म्हणजे धर्मांतराच्या उद्योगाची भलामण करणें नव्हे काय? आमचें उत्तर असें आहे कीं, श्रेय व हेतु हे दोन निरनिराळे पदार्थ आहेत. मिशनचा हेतु उघड होता व तो मिशननें कधीं लपविला नाहीं. परंतु हेतूनें दिलेली विद्या हेतूच्या ताब्यांत राहत नाहीं. बायबल वाचतां यावें म्हणून शिकविलेल्या अक्षरांनीं वेनराइटनें स्वतःची रोजनिशी लिहिली. तेथें तो कोणाचा रक्षित नाहीं अथवा कोणाचा शरणागत नाहीं, साक्षी आहे. धर्ममताविषयीं आमचा व त्याचा भेद कायम ठेवूनही, चाळीस वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या मनुष्यास ही गोष्ट मानावीच लागते.

तात्पर्य, शरणपूरचा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाल्यास तो प्राइस यांच्या आगमनापासून सुरू करून त्यांच्या प्रयाणापाशीं संपवूं नये. गलबतापासून फळ्यापर्यंत, आणि फळ्यापासून चितांबोच्या झाडापर्यंत व रबाईपर्यंत तो न्यावा. जमेच्या बाजूस अक्षर व हुन्नर लिहावे, खर्चाच्या बाजूस हरवलेलीं नांवें लिहावीं, आणि बाकी काढण्याचा अधिकार प्रथम त्या विद्यार्थ्यांच्या लेखनास द्यावा. नाशिकच्या शरणपूर रस्त्यानें रोज हजारों लोक जातात. त्या नांवाचा अर्थ स्तुतीनेंही कळत नाहीं व मौनानेंही कळत नाहीं. तो कागदपत्रांवरूनच ठरवावा लागेल, आणि त्यांतील महत्त्वाचे कागद त्या मुलांच्या हातचे आहेत.