आंघोळीच्या पाण्याचा अर्धा हिशेब

पाणी तापवण्याच्या साधनांची तुलना करताना विजेच्या हीटरची कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के, असे सर्रास शिकवले जाते. ते खरे आहे, पण प्लगच्या पुढे. मागचे कोणी मोजायचे?

वैनगंगेकाठच्या मार्कंड्यातली हिवाळ्यातली सकाळ घ्या. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला २१०० किलोज्यूल उष्णता, म्हणजे सुमारे ०.६ युनिट वीज लागते. पण चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. बादलीमागे तिप्पट उष्णता जाळली गेली!

म्हणून चूल बरी, असेही नाही. तीन दगडांच्या चुलीतली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते. हिशेब केला तर बादलीला सव्वा किलोहून अधिक सरपण, आणि ते बहुधा बाईच्या डोक्यावरून आलेले. तांब्याच्या बंबात जाळ मधल्या नळीत, पाणी भोवती. त्यामुळे सरपण कमी लागते. सौर बंबाला इंधनच नको, पण पैसे एकदम मोजावे लागतात आणि कवेलूच्या छपरावर भरलेली टाकी ठेवता येत नाही.

तराजू, थर्मामीटर आणि बादली एवढ्यावर शाळेत हे मोजता येईल. सरपण वाळलेले घ्यावे; ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलेच पाणी उडवण्यात जाते.