चित्रात नसलेले घड्याळ

जीवाणुभक्षी विषाणूचे एक चित्र जीवशास्त्राच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे फिरत आहे. टोकदार डोके, शेपूट, कोळ्यासारखे पाय. विषाणू जीवाणूवर बसतो, आत डीएनए सोडतो, नवे विषाणू बनतात, भिंत फुटते. चार बाण, आकृतीचे गुण पक्के!

बुलढाणा जिल्ह्यातील मुलांबरोबर आम्ही लोणार सरोवरावर गेलो होतो. तेथील सूक्ष्मजीवांवरून बोलणे विषाणूंवर आले. एका मुलीने विचारले, "सगळी जनुके आत गेली, मग भिंत फोडणारे प्रथिन आधीच का बनत नाही?" या चित्रात त्याचे उत्तर नाही. बाण क्रम दाखवतात; तो कोण राखतो, हे सांगत नाहीत.

टी-७ या विषाणूचेच पाहा. त्याच्या डीएनएत सुमारे ४० हजार जोड्या असतात, पण आधी आत शिरते फक्त एक टोक, साधारण ८५० जोड्यांचे. जीवाणूचेच आरएनए पॉलिमरेज हे विकर ते वाचू लागते आणि वाचता वाचता पुढचा धागा आत ओढते. मागची जनुके तोवर बाहेरच! सुरुवातीच्या जनुकांतून विषाणूचे स्वतःचे पॉलिमरेज बनते. ते फक्त विषाणूच्याच खुणा ओळखते आणि पुढचे वाचन हाती घेते. (एम-आरएनए लशी बनवताना हेच विकर वापरतात.) डोक्याची, शेपटीची प्रथिने त्यानंतर.

लॅम्डा विषाणूची तऱ्हा वेगळी. त्याच्या धाग्यावर ठिकठिकाणी 'थांबा' अशा खुणा असतात. आधी बनणारे 'एन' प्रथिन पहिल्या खुणा ओलांडू देते, नंतरचे 'क्यू' शेवटच्या जनुकांची वाट मोकळी करते. त्यांतले होलिन हे प्रथिन आतल्या पटलात गुपचूप साठत राहते आणि ठरल्या वेळी एकदम भोके पाडते. मग भिंत विरघळवणारे विकर भिंतीपर्यंत पोचते. होलिनच्या जनुकात लहानसा बदल झाला, तरी ही वेळ पुढेमागे होते. फार लवकर फुटले, तर आत पुरेसे विषाणू तयारच नसतात. मुलीच्या प्रश्नातली भीती खरी होती.

पुस्तकातला विषाणू बहुधा टी-४ असतो. त्याचे सारे काम ३७ अंश सेल्सिअसला सुमारे २५ मिनिटांत, म्हणजे आपल्या एका तासिकेत उरकते. डोअरमन यांनी १९५२ मध्ये जीवाणू मध्येच फोडून पाहिले, तेव्हा पहिली दहाएक मिनिटे आत एकही पुरा विषाणू सापडला नाही. आकृतीखाली २५ मिनिटांची एक रेघ ओढली, तर ही रिकामी दहा मिनिटे तरी मुलांना दिसतील.