पिंगळ्याचा बोल

सुगी सरते, भात झोडून कणगीत पडतं, आणि पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरस्त्यांचे दिवस सुरू होतात. वासुदेव येतो तो उजाडता उजाडता, मोरपिसांच्या टोपीत, टाळ-चिपळ्यांच्या नादात. पिंगळा त्याच्याही आधी. हातात कंदील, खांद्यावर घोंगडी, बोटांत कुडमुडं, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य. अंथरुणातल्या माणसाला तो चेहऱ्याशिवाय ऐकू येतो. रस्त्यावरच्या कलांमध्ये अंधाराचाच रंगमंच करणारी ही कला मला फार वरची वाटते, आणि तिला भिक्षा म्हणून निकालात काढणं मुळीच पटत नाही.

पिंगळा हे मुळात एक लहानसं घुबड. अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, जुन्या झाडाच्या ढोलीत घर, तिन्हीसांजेला आणि पहाटे चिरचिरणारं. या पाखराची बोली आपल्याला कळते असा पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या या जोश्यांचा दावा, म्हणून त्याचंच नाव त्यांना पडलं. दाव्याच्या खरेपणाशी रसग्रहणाला कर्तव्य नाही. पाहण्याजोगी आहे ती त्यातली रचना. परक्या माणसाने दारात येऊन तुमच्या घरचं दुःख बोलून दाखवलं तर तो आगाऊपणा ठरेल. पण तो म्हणतो, मी काही सांगत नाही, रात्री पाखरू बोललं तेवढं सांगतो. पाखरू मधे आलं की घुसखोरी जाते आणि ऐकणाऱ्याला आपली लाज राखून ऐकता येतं.

बोलाची बांधणीही अशीच विचारपूर्वक. आधी घरधन्याला किंवा माऊलीला हाक. मग एवढंच, की मनात एक काळजी आहे, कुणाला सांगितलेली नाही. कसली, ते तो उघडत नाही. लग्न न ठरलेली लेक, मुंबईला गेलेला आणि खुशाली न कळवणारा मुलगा, भावकीतला बांध; ज्याचं त्याने आपलं गुपित त्या रिकाम्या जागेत ठेवायचं. इथे कुडमुडं क्षणभर थांबतं. त्यानंतर क्रियापदं भविष्यकाळात जातात: येईल, मिळेल, फिटेल. आणि शेवटी मुदत. नुसतं बरं होईल म्हणणारे पुष्कळ असतात. हा पुढच्या सणाचं नाव घेतो, आणि ऐकणाऱ्याला तिथवर धीर धरता येतो.

या आवाजाची ताकद सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ओळखली होती. भारुडांत त्यांनी जोशी, वासुदेव, पांगुळ, गोंधळी यांची सोंगं घेतली आणि परमार्थ त्यांच्या तोंडी घातला. ओळखीच्या हाकेला लोक कान देतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गोंधळ्यांची करपल्लवीही गुपिताचीच कला. प्रेक्षकाने एकाच्या कानात नाव सांगायचं, त्याने बोटांच्या खुणांनी ते लांबच्या साथीदाराला कळवायचं आणि साथीदाराने ते मोठ्याने सांगायचं. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांनी तर सांकेतिक आणि गुप्त भाषांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. करपल्लवी थक्क करते. तरी मी पिंगळ्याकडे झुकतो. करपल्लवीत गुपित फोडणं हा खेळाचा कळस असतो. पिंगळा ते झाकलेलं ठेवूनच त्याला हात लावतो.

कायद्याला मात्र यात कला दिसली नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं यांची नावं घातली. लोकांचा संशय त्याहून भयंकर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी या फिरस्त्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या बातमीने मला आजही कापरं भरतं. अनोळखी फिरस्त्याच्या हाकेला दार उघडण्यावर ज्याची सगळी कला उभी आहे, त्याने आता कोणत्या गावात अंधारात पाऊल टाकायचं?

हिंजवडी, माण, पिरंगुट ही मुळशी तालुक्यातलीच गावं. परदेशाच्या घड्याळावर काम करणारे, झोप न लागणारे, कर्जाचा हप्ता मनात घोळवणारे तिथल्या इमारतींत पहाटे चारला आजही जागे असतात. पिंगळ्याची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ती फाटकावरच्या नोंदवहीपाशी अडते.

पिंगळ्याला दिव्यांच्या झोतात, ध्वनिक्षेपकासमोर उभं केलं की पोशाख दिसतो, शब्दही स्पष्ट कळतात, पण हाक कुणा एकाला मारलेली राहत नाही. म्हणून ज्यांना या कलेचं ध्वनिमुद्रण करायचं आहे त्यांनी ताम्हिणीकडच्या एखाद्या वस्तीवर मुक्कामाला जावं. माइक पिंगळ्याच्या तोंडाशी न धरता घरात, अंथरुणापाशी ठेवावा. लांबून जवळ येणारं कुडमुडं, कुत्र्यांचं भुंकणं, दाराची कडी, सुपातून झोळीत पडणारे तांदूळ, आणि बोल संपल्यावर घरातली माणसं आपसात जे काही बोलतील ते, यातलं काहीही कापू नये.