व्हॉर्टन, ईडिथ

(२४ जानेवारी १८६२ – ११ ऑगस्ट १९३७). अमेरिकन कादंबरीकर्त्री व कथालेखिका. माहेरचे नाव ईडिथ न्यूबोल्ड जोन्स. जन्म न्यूयॉर्क शहरी, एका जुन्या सधन घराण्यात. शिक्षण घरीच झाले. १८८५ मध्ये एडवर्ड व्हॉर्टन ह्याच्याशी तिचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही व १९१३ मध्ये घटस्फोट झाला. तत्पूर्वीच ती पॅरिसमध्ये राहू लागली होती. पहिल्या महायुद्धातील सेवाकार्याबद्दल फ्रान्सने तिला ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला (१९१६).

ज्या वर्गात ती वाढली, त्याचेच चित्रण तिच्या प्रमुख कादंबऱ्यांत आढळते. तथापि त्या वर्गाचे वैभव रंगविणे हा तिचा हेतू नाही. आपले संकेत टिकविण्यासाठी तो व्यक्तीकडून कोणती किंमत वसूल करतो, हा तिच्या चिंतनाचा विषय होय. द हाउस ऑफ मर्थ (१९०५) मधील लिली बार्ट ही सुंदर परंतु निर्धन तरुणी. धनिकाशी विवाह हाच तिच्यापुढील मार्ग. पण ऐन वेळी तिचे मन त्या व्यवहाराला तयार होत नाही. आपली बदनामी करणाऱ्या स्त्रीची गुप्त पत्रे हाती असूनही ती जाळून टाकते आणि अखेर झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने दारिद्र्यात मरण पावते. द कस्टम ऑफ द कंट्री (१९१३) मधील अनडाइन स्प्रॅगला असा कोणताच संकोच नाही. विवाह आणि घटस्फोट ह्यांच्या पायऱ्या करून ती वर चढत जाते.

द एज ऑफ इनोसन्स (१९२०) ही १८७० नंतरच्या न्यूयॉर्कवरील कादंबरी तिची श्रेष्ठ कृती मानली जाते. तिला १९२१ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीसाठी ते मिळविणारी व्हॉर्टन ही पहिली स्त्री होय. एलन ओलेन्स्काला दिलेल्या निरोपाच्या मेजवानीत कोणी कठोर शब्द उच्चारत नाही. तरीही आप्तेष्टांनी तिला आपल्यातून काढून टाकले आहे, हे न्यूलंड आर्चरला उमगते. ह्या समाजाची क्रूरता त्याच्या सौजन्यातच आहे, हे व्हॉर्टनने येथे दाखविले. मात्र कर्तव्यबुद्धीने जगलेले आयुष्य सर्वस्वी वाया गेले, असेही ती म्हणत नाही. ह्या संयमामुळे कादंबरी निव्वळ उपरोधापलीकडे जाते.

हेन्री जेम्स हा तिचा निकटचा मित्र. परंतु त्याची अनुयायी एवढीच तिची ओळख अपुरी ठरते. जेम्सचा भर व्यक्तीच्या जाणिवेवर, तर तिचा पैसा, घर आणि चालीरीती ह्यांच्या दडपणावर आहे. न्यू इंग्लंडमधील गरीब शेतकऱ्याची शोकांतिका सांगणारी ईथन फ्रोम (१९११) पाहता, हे दडपण तिला केवळ दिवाणखान्यातच दिसले नाही, हे स्पष्ट होते. रोझडेल ह्या ज्यू पात्राच्या चित्रणात मात्र तिच्या वर्गाचे पूर्वग्रह उतरले आहेत. ए बॅकवर्ड ग्लान्स (१९३४) हे तिचे आत्मचरित्र. फ्रान्समध्येच तिचे निधन झाले.